क्लेम टाकलाय, पैसे कुठे अडले?

वाचकांचे प्रश्न : बेकारी भत्ता, ईएसआय आणि पीएफ

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच कारणाची आहेत. नोकरी गेली, ईएसआयकडून (कर्मचारी राज्य विमा) बेकारीचे पैसे मिळतात असं कळलं, क्लेम टाकला आणि पुढे काहीच हलेना. पत्रं इंदूर आणि आसपासच्या पीथमपूर, सांवेर रोड, पोलोग्राउंड इथल्या कामगारांची आहेत, काही त्यांच्या घरच्यांची. बहुतेकांनी शेवटी एकच विचारलंय : 'ऑफिसात कोणी फोन उचलत नाही, मग विचारायचं कुणाला?'

फोन लावण्याआधी एक गोष्ट करा. पैसे चारांपैकी कुठे थांबलेत ते शोधा : मालकाने केलेली नोंद, तुमचा अर्ज, शाखेतली तपासणी की बँक. प्रत्येकाचं दार वेगळं आहे. बँकेतून परत आलेल्या पैशांसाठी मालकाच्या गेटवर उभं राहून उपयोग नाही, आणि मालकाने तारीखच भरली नसेल तर शाखेतला माणूस इच्छा असूनही काही करू शकत नाही.

पीथमपूरचे एक वाचक लिहितात : अटल योजनेचा ऑनलाइन क्लेम टाकून दोन महिने होत आले. पोर्टलवर प्रलंबित दिसतो. हेल्पलाइनवर 'शाखेशी संपर्क करा' म्हणतात, शाखेचा फोन वाजत राहतो. एकदा गेलो तर साहेब मीटिंगमध्ये होते. आता काय करू?

उत्तर : अटल बीमित व्यक्ति कल्याण योजनेत, म्हणजे ईएसआयच्या बेकारी भत्त्याच्या योजनेत, नोकरी गेल्यापासून ३० दिवसांनी क्लेम देय होतो. शाखेत क्लेम पोचल्यापासून १५ दिवसांत तो निकाली काढून पैसे थेट खात्यात जमा करायचे, असा नियम आहे. म्हणजे तुमची मुदत उलटून गेलीय, आणि तुम्ही विनवणी करायला नाही, मुदतीची आठवण द्यायला जाताय.

आधी एक शंका दूर करा. ऑनलाइन क्लेम टाकताना आधार आणि बँकेची कागदपत्रं अपलोड झाली होती का? झाली असतील तर कागदी अर्ज नेऊन द्यायची गरज नाही. झाली नसतील तर क्लेमची प्रिंट काढून, सही करून, कागदपत्रांसह शाखेत द्यावीच लागते. प्रलंबित दिसणाऱ्या क्लेममध्ये आधी हेच तपासावं, कारण पोर्टलवर क्लेम टाकल्याची नोंद दिसते आणि माणूस निर्धास्त होतो, इकडे शाखा कागदांची वाट पाहत बसलेली असते. प्रतिज्ञापत्राची अट नोव्हेंबर २०२० मध्येच काढली गेली. कोणी स्टॅम्पपेपर आणा म्हटलं तर तेवढं नम्रपणे सांगा. क्लेम मालकामार्फत पाठवण्याचीही गरज राहिलेली नाही. मालकाकडून खातरजमा करून घेणं हे शाखेचं काम आहे.

दुसरं म्हणजे शाखा तीच आहे ना, ते पाहा. ईएसआयच्या ई-पहचान कार्डावर तुमच्या शाखेचं नाव छापलेलं असतं. राहायला इंदूरमध्ये आणि नोंद पीथमपूरच्या पत्त्यावर, असं पुष्कळांचं आहे. दुसऱ्या शाखेच्या खिडकीवर तुमचा क्लेम दिसला तरी त्यांना तो मंजूर करता येत नाही.

आता शाखेत जाताना. तोंडी विचारून परत येऊ नका, एक पानी अर्ज दोन प्रतींत न्या. एक प्रत आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. साहेब मीटिंगमध्ये असले तरी आवक चालू असते. अर्जात एवढंच हवं :

'माझा विमा क्रमांक (दहा अंकी) अमुक. शेवटचा कामाचा दिवस अमुक. अटल बीमित व्यक्ति कल्याण योजनेचा क्लेम अमुक तारखेला ऑनलाइन दाखल केला, क्लेम क्रमांक अमुक. पंधरा दिवसांची मुदत अमुक तारखेला संपली. क्लेम मंजूर केला आहे, फेटाळला आहे की त्यात त्रुटी आहे, हे लेखी कळवावे. त्रुटी असल्यास कोणती, तेही कळवावे.'

हेच सरळ हिंदीत उतरवा, मध्य प्रदेशातल्या कार्यालयात हिंदी अर्ज लवकर वाचला जातो. 'घरची परिस्थिती बिकट आहे, कृपा करावी' अशी वाक्यं लिहावीशी वाटतात आणि ती खरीही असतात, पण त्यांच्या गर्दीत तारखा बुडतात. 'त्रुटी असल्यास कळवावे' हे वाक्य मात्र गाळू नका. त्याचं उत्तर द्यायला कुणाला तरी तुमची फाईल उघडून बघावीच लागते.

आठवड्याभरात उत्तर नाही आलं तर त्याच अर्जाची प्रत नंदानगरच्या क्षेत्रीय कार्यालयात तक्रार म्हणून द्या, शाखेचा आवक क्रमांक लिहून. टोल फ्री क्रमांक १८००-११-२५२६ आहे. फोनवर विमा क्रमांक, क्लेम क्रमांक आणि तारीख एका दमात सांगता येईल असं समोर ठेवा, आणि तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मागा. नुसती चौकशी केली तर नुसतं उत्तर मिळतं, 'शाखेशी संपर्क करा'.

याच्या पुढची पायरी केंद्र सरकारचं तक्रार पोर्टल, सीपीग्राम्स. श्रम मंत्रालय आणि त्याखाली ईएसआयसी (ईएसआय चालवणारं महामंडळ) निवडा, शिक्क्याची प्रत जोडा. तक्रार निकाली काढण्याची मुदत ऑगस्ट २०२४ पासून २१ दिवस केलीय. तिथे कधी कधी 'प्रकरण शाखेकडे पाठवले' एवढंच लिहून तक्रार बंद करतात. तसं झालं तर गप्प बसू नका, बंद झाल्यापासून ३० दिवसांत तिथेच अपील करता येतं आणि ते वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जातं.

माहितीचा अधिकार सगळ्यात शेवटी वापरा, पण वापरा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. 'उशीर का झाला?' असं विचारू नका. त्या कायद्याखाली कागद मिळतात, खुलासे नाहीत. विचारा : माझ्या क्लेमवर आजवर कोणकोणत्या तारखेला काय कारवाई झाली त्या नोंदींची प्रत, आणि प्रकरण आज कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याकडे आहे.

सुदामानगरच्या एक वाचक : यांची नोकरी १० डिसेंबर २०२५ ला गेली. सांवेर रोडच्या कारखान्यात जून २०२४ पासून होते, पगार १६,००० रुपये. शाखेत म्हणाले, दिवस भरत नाहीत. दीड वर्ष एक दिवस खाडा न करता काम केलेल्या माणसाचे दिवस कसे भरत नाहीत? आणि भरले तर किती मिळतील? आम्ही तीन महिन्यांचा अर्धा पगार, म्हणजे २४,००० धरून चाललोय.

उत्तर : तुमचा राग रास्त आहे, कारण दिवस भरायलाच हवेत. पण शाखा हजेरी रजिस्टर बघत नाही, ईएसआयला भरलेल्या वर्गणीच्या नोंदी बघते. वर्गणीचे कालखंड दोन : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. नियम असा की नोकरी जाण्याआधीच्या लगतच्या कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी, आणि त्याआधीच्या तीन कालखंडांपैकी कोणत्याही एकात आणखी ७८ दिवसांची. शिवाय विमा किमान किती काळाचा हवा, अशीही अट असते, ती शाखेत विचारून घ्या. 

यांच्या बाबतीत लगतचा कालखंड एप्रिल ते सप्टेंबर २०२५. महिन्याला २६ दिवस धरले तरी सहा महिन्यांचे १५६ होतात, हवेत त्याचे निम्मे. ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ मध्येही तसंच. तरी दिवस भरत नसतील तर नोंदीत घोळ आहे, आणि तो घरबसल्या दिसतो. ईएसआयसीच्या पोर्टलवर विमाधारकाच्या लॉगिनमधून वर्गणीचा तपशील काढा. महिनावार तीन आकडे दिसतील : दिवस, पगार, वर्गणी. पगाराच्या स्लिपा शेजारी ठेवून एकेक महिना ताडून बघा.

तीन गोष्टी सापडू शकतात. एक, मालकाने काही महिने भरलेलेच नाहीत. दोन, २६ दिवसांच्या जागी १० किंवा १२ दिवस दाखवलेत, म्हणजे वर्गणी कमी भरावी लागते. तीन, यांच्या नावावर दोन विमा क्रमांक निघालेत. जुन्या कंपनीतला क्रमांक न सांगता नवीन ठिकाणी रुजू झालं की तिथला क्लार्क नवा क्रमांक काढतो. मग अर्धे दिवस एका क्रमांकावर, अर्धे दुसऱ्यावर, आणि दोन्हीकडे माणूस अपात्र. यावर उपाय सोपा आहे : दोन्ही क्रमांक, आधार आणि नेमणुकीचा कागद जोडून क्रमांक एकत्र करण्याचा अर्ज शाखेत द्यायचा.

पहिल्या दोन प्रकारांत पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं पासबुक हाच पुरावा. स्लिपेवर 'ईएसआय ०.७५ टक्के' कापलेलं दिसतं, १६,००० वर १२० रुपये. पैसे कापले आणि भरले नाहीत, हा मालकाचा गुन्हा आहे, यांचा नाही. मालकाने वर्गणी थकवल्यामुळे कामगाराचा लाभ बुडत असेल तर महामंडळ लाभ देऊन तो मालकाकडून वसूल करू शकतं, अशी तरतूद कायद्यात आहे. अर्जात हे स्पष्ट मागा, नुसतं 'चौकशी करावी' लिहून सोडू नका.

आता रकमेचं. इथे बहुतेक घरांचा हिशेब चुकतो. आधीच्या चार कालखंडांत जेवढा पगार नोंदला गेला त्याची बेरीज करून तिला ७३० ने भागतात. ही झाली रोजची सरासरी, आणि तिचे ५० टक्के जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी देतात. यांचे चार कालखंड म्हणजे ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२५. त्यात नोकरी जून २०२४ पासूनची, म्हणजे १६ महिने. १६,००० गुणिले १६ म्हणजे २,५६,०००. भागिले ७३० म्हणजे सुमारे ३५०.६८. त्याचे निम्मे १७५.३४, आणि ९० दिवसांचे १५,७८० च्या आसपास. पूर्ण २४ महिने काम असतं तर हीच रक्कम २३,६७० च्या घरात गेली असती. भागाकार मात्र दोन्हीकडे ७३० नेच होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ चा पगार यात धरला जात नाही, कारण तो कालखंड पुरा झालेला नव्हता. तेव्हा १५,७०० च्या पुढेमागे रक्कम आली तर कुणी पैसे कापले असं समजू नका. त्याहून बरीच कमी आली तर मात्र नोंदलेला पगार तपासा. मूळ पगार आणि भत्ते मिळून १६,००० असताना नोंद ९,००० ची, असं होऊ शकतं.

आणि पैसे एकदम तीन महिन्यांचे येतील असंही धरू नका. पुढच्या दिवसांचा क्लेम आधी करता येत नाही, जे दिवस बेकारीत गेले त्यांचाच होतो. तिसाव्या दिवशी क्लेम टाकला तर तीसच दिवसांचे पैसे येतात. उरलेल्यांसाठी पुन्हा क्लेम टाकावा लागतो. मुदत नोकरी गेल्यापासून एक वर्षाची आहे.

एक वाचक, पोलोग्राउंड : मी ठेकेदारामार्फत होतो. 'ऑर्डर नाहीत, उद्यापासून येऊ नका' असं सुपरवायझरने व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं. शाखेत म्हणतात, कंपनीच्या नोंदीत तुम्ही स्वतः नोकरी सोडलीय. ठेकेदार फोन घेत नाही.

उत्तर : ही अडचण समजून घ्यायची तर मालक दर महिन्याला काय भरतो ते माहीत हवं. महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. ज्या कामगाराचे दिवस शून्य, त्याच्यासमोर कारणाचा एक आकडी-दोन आकडी कोड टाकावा लागतो. १ म्हणजे रजेवर, २ नोकरी सोडली, ३ निवृत्त, ८ काम स्थगित, १० छाटणी, ११ काम नाही. २ किंवा १० टाकला की शेवटचा कामाचा दिवस भरावा लागतो. १ किंवा ११ टाकला की ती जागा कोरीच राहते.

आता ठेकेदाराचा क्लार्क काय करतो? सगळ्यांना २ टाकून मोकळा होतो, कारण १० टाकलं की छाटणीचे नियम आणि भरपाई अंगावर येते. किंवा ११ टाकून तुम्हाला कागदावर नोकरीतच ठेवतो, मग शेवटचा दिवसच नाही आणि त्यामुळे बेकारीही नाही. तुमची दोन्हीकडे कोंडी.

कोड २ म्हणजे लाभ बुडालाच, असं नाही. योजनेतून बाहेर ठेवलेले लोक वेगळे आहेत : गैरवर्तनाबद्दल काढलेले, निवृत्त झालेले, स्वेच्छानिवृत्ती घेतलेले. 'ऑर्डर नाहीत म्हणून येऊ नका' यातलं काहीच नाही. फक्त ते दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येऊन पडलीय. तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट घेताना वर पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख दिसू द्या, नुसतं नाव दिसलं तर ते कुणीही टाकलेलं असू शकतं. त्याच दिवशी आणखी कितीजणांना काढलं? चौघा-पाचजणांनी मिळून सह्यांचं एक निवेदन दिलं तर 'स्वतः सोडली' हे म्हणणं टिकत नाही, पाच माणसं एकाच दिवशी स्वखुशीने घरी बसत नसतात.

वर्गणीच्या तपशिलात सतरा अंकी कोड दिसेल. तो कुणाचा आहे, ठेकेदाराचा की मूळ कंपनीचा, ते शाखेत विचारून घ्या. ठेकेदार सापडत नसला तरी मूळ कंपनी सापडते, आणि ईएसआयच्या बाबतीत मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. मग दोघांना रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवा : 'अमुक तारखेला काम नसल्याचे कारण सांगून मला कामावरून कमी केले. आपल्या नोंदीत मी नोकरी सोडल्याचे दाखवले आहे, ती नोंद सात दिवसांत दुरुस्त करावी.' पोस्टाची पावती आणि पत्राची प्रत शाखेत लावा आणि मालकाकडून खातरजमा करून घेण्याची लेखी मागणी करा.

एक गोष्ट ज्यांची नोकरी अजून आहे त्यांच्यासाठी. हिशेब चुकता करताना कागदांच्या गठ्ठ्यात राजीनाम्याचा छापील फॉर्म असतो आणि 'सही केल्याशिवाय चेक निघणार नाही' असं सांगतात. त्यावर सही झाली की पुढचं सगळं अवघड होतं. सही करणं भागच पडलं तर खाली स्वतःच्या हाताने लिहा : 'काम नसल्याचे सांगितल्यामुळे'. फोटो काढून ठेवा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगारांना आणि स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यांचा देशभराचा क्रमांक १५१०० आहे.

लोकमान्यनगरच्या वाचक : क्लेम मंजूर झाला, पण पैसे आले नाहीत. शाखेत म्हणतात 'पाठवले', बँकेत म्हणतात 'आले नाहीत'.

उत्तर : दोघेही खरं बोलत असतील. पाठवलेले पैसे खात्याशी जुळले नाहीत की परत जातात, आणि ते परत आल्याचं तुम्हाला कोणी कळवत नाही. शाखेत 'पाठवले का?' असं विचारू नका. 'व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि तारीख द्या' म्हणा. तो क्रमांक घेऊन बँकेत गेलात की पैसे आले, परत गेले की अजून वाटेत आहेत ते लगेच सांगतात.

परत जाण्याची कारणं ठरलेली आहेत. जुना आयएफएससी हे पहिलं. विजया आणि देना या बँका १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या, अलाहाबाद, आंध्र, कॉर्पोरेशन, सिंडिकेट, ओरिएंटल, युनायटेड या १ एप्रिल २०२० ला इतर बँकांत. कोड बदलले, पण कंपनीच्या नोंदीत जुनेच राहिले. दुसरं, केवायसी राहिल्यामुळे खातं गोठलेलं असणं. तिसरं, जनधनचं लहान खातं, ज्यात शिल्लक ५०,००० च्या वर जाऊ शकत नाही.

आणि नावं. आपल्याकडे आधारवर स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं तीन पदरी नाव असतं. इंदूरच्या कारखान्यातला क्लार्क मधलं नाव सोडून दोनच लिहितो, कारण इथे तशीच पद्धत आहे. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव आणि ईएसआयमध्ये माहेरचं, हे बायकांच्या बाबतीत नेहमीचं. रोमन अक्षरांत शिंदे, देशपांडे, वाघमारे लिहिताना एक एच गळतो आणि नावं जुळत नाहीत. आधार हे प्रमाण धरा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या, उलट करायला जाऊ नका. आधी ईएसआयमधलं नाव दुरुस्त करा, मग बँकेचा तपशील, आणि शेवटी पैसे पुन्हा पाठवण्याचा अर्ज द्या. खात्याचा रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान जोडा, ज्यावर आयएफएससी स्वच्छ वाचता येईल.

परदेशीपुरा : एक एजंट दोन हजारांत क्लेम काढून देतो म्हणतो. आधार, पासबुक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी मागतोय.

उत्तर : देऊ नका. क्लेमला एक रुपयाही शुल्क नाही. एजंट पहिली गोष्ट करतो ती म्हणजे तुमच्या विमा क्रमांकाला स्वतःचा मोबाइल जोडतो. मग लॉगिन त्याच्या हातात आणि बँक खातं बदलण्याची सोयही. हा लाभ आयुष्यात एकदाच, एकूण ९० दिवसांचाच आहे, चुकीच्या खात्यात गेला तर निस्तरताना नाकीनऊ येतील. पुष्कळांच्या विमा क्रमांकाला आधीपासूनच कंपनीतल्या एचआरचा नंबर जोडलेला असतो, कारण भरती करताना क्लार्कने सगळ्यांना एकच नंबर टाकलेला असतो. ओटीपी येत नसेल तर कारण बहुधा हेच. आधार दाखवून शाखेत लेखी अर्ज द्या आणि स्वतःचा नंबर जोडून घ्या.

राऊचे एक वाचक : भत्ता चालू असताना महिनाभराचं काम मिळालं तर घ्यावं का? आणि आईचे उपचार नंदानगरच्या ईएसआय हॉस्पिटलात चालू आहेत, ते बंद होतील?

उत्तर : काम जरूर घ्या. ते मिळेपर्यंतच्या बेकारीच्या दिवसांचे पैसे बुडत नाहीत, कामावर असलेल्या दिवसांचे मिळत नाहीत, एवढंच. लपवू नका, नव्या मालकाने वर्गणी भरली की ते नोंदीत दिसतंच. ज्या काळासाठी तुम्ही भत्त्याला पात्र आहात त्या काळात ईएसआयची वैद्यकीय सेवा चालू राहते. दवाखान्यात कार्ड बंद दाखवत असेल तर क्लेमच्या मंजुरीची प्रत सोबत न्या.

देवास : आमचा कारखाना कायमचा बंद झाला. सात वर्षं नोकरी झाली. अटल योजनेचा फॉर्म भरतोय, बरोबर आहे ना? कंपनीची देणी कोर्टात अडकलीत, तोवर हे पैसेही थांबतील का?

उत्तर : थांबा, आधी दुसरी योजना बघा. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ पासून आहे आणि तिच्याबद्दल फार थोड्यांना ठाऊक आहे. कारखाना बंद पडला, कायद्याप्रमाणे छाटणी झाली किंवा कामाबाहेरच्या दुखापतीने ४० टक्के किंवा अधिक कायमचं अपंगत्व आलं, तर किमान दोन वर्षं वर्गणी भरलेल्याला २४ महिन्यांपर्यंत भत्ता मिळतो : पहिले १२ महिने पगाराच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. तुमच्यासारख्याला ९० दिवसांच्या योजनेपेक्षा ही कितीतरी पटींनी मोठी आहे. एकाच वेळी दोन्ही घेता येत नाहीत, म्हणून अटलचा फॉर्म भरण्याआधी शाखेत 'माझं प्रकरण राजीव गांधी योजनेत बसतं का' हे लेखी विचारा. यात बंदीचा किंवा छाटणीचा कागद लागतो : गेटवर लावलेली नोटीस, श्रम विभागाला दिलेली सूचना, छाटणीचं पत्र. नोटीस काढली जाण्याआधी तिचा फोटो घ्या.

कंपनीची देणी आणि ईएसआयचा भत्ता यांचा एकमेकांशी संबंध नाही. देणी किती रखडतात ते इंदूर-देवासच्या माणसाला सांगायला नको. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या देण्यांचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ ला. ईएसआयचा पैसा कंपनीच्या तिजोरीतून येत नाही, विमा निधीतून येतो. लिक्विडेटर (बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी) नेमला गेला, मशिनरी विकली गेली, तरी त्याला धक्का लागत नाही. 'केसचा निकाल लागू द्या' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, मुदत निघून जाईल.

विजयनगरचे एक वाचक : पगार २८,००० होता, म्हणून ईएसआय नाही. आमच्यासारख्यांना काहीच नाही का? पीएफ काढायला गेलो तर क्लेमच उघडत नाही.

उत्तर : ईएसआयची मर्यादा २१,००० रुपये आहे. त्यावरच्यांना बेकारी भत्ता असा नाही, हातात असतो तो पीएफच. क्लेम उघडत नसेल तर बहुधा नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नाही. ती मालकाने भरायची असते, पण शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की तुम्ही स्वतः पीएफच्या पोर्टलवर 'मार्क एक्झिट'मधून आधारच्या ओटीपीने भरू शकता. तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातली टाका आणि दोनदा बघून टाका.

किती काढता येतील याचे नियम बदलत आहेत. पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत ठरवलं की नोकरी गेल्यावर ७५ टक्के लगेच काढता यावेत आणि उरलेले २५ टक्के बारा महिन्यांच्या बेकारीनंतर. आधी पूर्ण रक्कम दोन महिन्यांनी निघायची. त्या जुन्या हिशेबावर कर्जाचे हप्ते बेतू नका. पाच वर्षांच्या आत ५०,००० किंवा अधिक काढले तर १० टक्के टीडीएस कापतात, पॅन जोडलेलं नसेल तर अधिक. आधीच्या कंपनीचा पीएफ वर्ग करून घेतला असेल तर तीही वर्षं पाचात धरली जातात. म्हणून आधी वर्ग करा, मग काढा.

पीएफचा क्रमांक १४४७० आहे. क्लेम २० दिवसांच्या पुढे गेला तर त्यांच्या तक्रार पोर्टलवर नोंद करा. दर महिन्याच्या २७ तारखेला प्रत्येक जिल्ह्यात 'निधि आपके निकट' शिबिर असतं. तिथे यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक), आधार, पासबुक आणि तक्रार क्रमांक घेऊन गेलात तर अधिकारी समोर बसून खातं उघडून बघतात. तारखेचा किंवा नावाचा घोळ असेल तर तो कसा सुटेल, हे तिथेच विचारून घ्या.

अटल योजनेच्या मुदतीबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय : ती १ जुलै २०१८ ला प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि वेळोवेळी वाढवली गेली. १ जुलै २०२४ पासूनची वाढ ३० जून २०२६ पर्यंतची आहे. नोकरी त्यानंतर गेली असेल तर क्लेम टाकण्याआधी शाखेत किंवा १८००-११-२५२६ वर विचारा. त्याआधी गेली असेल आणि क्लेम अजून टाकला नसेल, तर या आठवड्यात टाका.